डावीकडच्या शेळ्या

हरवलेल्या मेंढीच्या गोष्टीत मी मेंढीच्या जागी शेळी घातली. चूक एवढीच. आज तिला चूक म्हणतो. तेव्हा मी तिला हुशारी समजत होतो, आणि फादरांनी पाठ थोपटावी म्हणून त्यांच्यासमोरून दोन-तीनदा मुद्दाम ये-जाही केली होती.

आमच्या चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. दर रविवारी प्रार्थना संपली की तिथे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो, म्हणजे भरायचा, आणि तो मी घेतो. मी कुठे शिकून आलेला उपदेशक नाही. आठवड्याचे सहा दिवस कोसबाडला एका रोपवाटिकेत चिकूची कलमं बांधतो. लहानपणी बोर्डिंगात राहिल्यामुळे प्रार्थना पाठ होत्या, आवाज मोठा होता, आणि जुने मास्तर थकले तेव्हा फादरांनी इकडेतिकडे पाहिलं तर समोर मीच उभा होतो. माझी निवड झाली ती अशी. फादरांकडे पाच गावं. ते दुसऱ्या गावी असले की आमच्याकडची रविवारची प्रार्थना मीच चालवतो, शुभवर्तमानही मीच वाचतो. त्या दिवशी शर्ट इस्त्रीचा असतो.

वर्गाच्या भिंतीवर एक जुनं रंगीत चित्र होतं. प्रभू येशू चालले आहेत आणि त्यांच्या खांद्यावर मेंढी. पहिल्याच रविवारी मी काठी टेकवून विचारलं, "हे काय आहे?"

"कुत्रा," पुढच्या बाकावरून उत्तर आलं.

"कुत्रा नाय रे, कापूस," मागच्याने दुरुस्ती केली.

त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. डहाणूपासून तलासरीपर्यंत आमच्याकडे शेळ्या दारोदार, मेंढी औषधालाही नाही. मी स्वतः पहिली मेंढी पाहिली ती तिशी उलटल्यावर, एका लग्नाला नाशिककडे जाताना. एसटीच्या खिडकीतून कळप दिसला तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "या शेळ्यांना काय रोग झालाय हो?" ते उतरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तर मी मेंढी काढली आणि शेळी घातली. शंभर शेळ्या, त्यातली एक डोंगरात राहिली, आणि राखणारा बाकीच्या नव्याण्णव तिथेच सोडून तिला शोधायला निघाला. मुलं सरसावून बसली. डोंगर आमचाच, ओहोळ आमचाच, पायात रुतणारे काटे करवंदीचे. शेळी सापडली की मी खताचं रिकामं पोतं मानेवर टाकून वर्गभर चालायचो. एकदा उत्साहाच्या भरात घरचं खरं करडूच खांद्यावर घेऊन गेलो. त्याने माझ्या कॉलरमध्ये मुतल्याचा प्रसंग शास्त्रात कुठे नाही, पण त्या वर्षीच्या मुलांना आख्ख्या धर्मशिक्षणातलं तेवढंच आठवतं. भेटली की अजून विचारतात, "सर, तो शर्ट आहे का?"

त्या वर्गात माझी मुलगीही बसायची. एकुलती एक. ती गोष्ट मध्येच थांबवायची.

"बाबा, ती शेळी म्हणजे आपली कपाळावर ठिपका असलेली ना?"

"हो, तीच."

"मग तिला शोधायला वेळ नाय लागायचा. ठिपका लांबून दिसतो."

"रात्री नाही ना दिसत."

"मग बॅटरी नव्हती काय त्याच्याकडे?"

वर्ग हसायचा, मीही हसायचो. मनातल्या मनात मी तिला माझ्या जागी उभी करून ठेवली होती. आजोबांनी धर्म घेतला, वडिलांनी टिकवला, मी शिकवतोय, माझ्यानंतर ही शिकवील. बॅटरीचा प्रश्न विचारणारी पोर चांगली शिकवील, असं वाटायचं.

घरी जेवताना मी बायकोलाही ही गोष्ट सांगितली. शेळ्या तिच्याच. ती रानशेतची, लग्न ठरलं तेव्हा तिने बाप्तिस्मा घेतला. तिच्या माहेरचे आजही त्यांच्या देवांचं करतात आणि नाताळला आमच्याकडे कोंबडी घेऊन येतात. गोष्ट ऐकून ती हसली आणि म्हणाली, "पण शेळी काय..."

"तुला शास्त्रातलं काय कळतं? भात वाढ," मी म्हणालो.

तिने भात वाढला. "घे, तू खा तुझा भात," म्हणाली. आमच्याकडे बायको नवऱ्याला 'तू'च म्हणते आणि पोरंही बापाला. बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. मानाचं बहुवचन आम्ही फादर आणि फॉरेस्टचे साहेब यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

मुलगी अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नाताळच्या तयारीचे रविवार सुरू व्हायच्या आधी एक रविवार येतो, ख्रिस्त राजाचा. फादर दुसऱ्या गावी गेलेले, म्हणून मी इस्त्रीच्या शर्टात. पुस्तक उघडलं आणि मोठ्या आवाजात वाचायला लागलो. आधी वाचून ठेवायची पद्धत मी पाळत नसे. पाठच आहे सगळं, असा तोरा. राजा सिंहासनावर बसतो, सगळ्या लोकांना समोर बोलावतो, आणि मेंढ्या उजवीकडे घेतो. मग शेळ्या डावीकडे. इथवर आलो तेव्हा पुढे काय आहे ते मला आठवलं. पण भर प्रार्थनेत पुस्तक मिटता येत नाही. आवाज बारीक करून पाहिला. त्या दिवशी नेमका माइक चांगला चालत होता. डावीकडच्या सगळ्या आगीत गेल्या.

पहिल्या रांगेत मुलगी बसली होती. तिने मान वर केली, आणि वाचन संपेपर्यंत खाली केली नाही.

वर्गात मी पोहोचायच्या आधीच ती उभी होती.

"बाबा, त्याने शेळीला खांद्यावर घेऊन आणली होती ना?"

"हो."

"एवढी काट्यांतून?"

"हो. खाली बस."

"मग आता तिलाच आगीत का टाकली?"

सगळी मुलं माझ्याकडे पाहायला लागली. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'पोरांनो, त्या गोष्टीत मेंढी होती, शेळी मी घातली, मी चुकलो.' एवढंच. कलम चुकलं तर मी रोपवाटिकेत दहा जणांसमोर कापून टाकतो, मला काही वाटत नाही. पण ते रोपवाटिकेत. इथे मी सर होतो.

"देवाच्या शब्दाला प्रश्न विचारायचे नसतात," मी म्हणालो. "गप बस."

ती बसली. इतकी नीट गप्प बसली की मला ती शिस्त वाटली. पुढे तीन वर्षं ती वर्गाला आली, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिने पुस्तकाबरहुकूम दिलं, पाठांतरात तिला बक्षीस म्हणून कंपासपेटीही मिळाली. बॅटरीसारखं मात्र पुन्हा काही विचारलं नाही. मी ज्याला-त्याला सांगायचो, पोरगी आता समजदार झाली.

चर्चमधल्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. तेच वाचन तीन वर्षांनी फिरून येतं. ती चौदाची झाली तेव्हा शेळ्या परत आल्या. त्या रविवारी माझा घसा बसला. म्हणजे मी तो शनिवारीच बसवून ठेवला होता, आणि एका रिटायर गुरुजींनी वाचलं. पुढच्या खेपेला ती डहाणूला कॉलेजात, हॉस्टेलवर. तेव्हा मी बिनधास्त वाचलं. ज्याच्यासमोर वाचायची लाज वाटते तो माणूस समोर नसला की वाचणं फार सोपं जातं.

आता ती वीस वर्षांची आहे. वापीला एका कंपनीत पॅकिंगमध्ये आहे, तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. एक आड एक शनिवारी घरी येते, रविवारी उशिरापर्यंत झोपते. चर्चला येत नाही. 'येत नाही' असं ती कधी म्हणाली नाही, मीही कधी 'चल' म्हटलं नाही. मी फक्त कपडे घालून तिच्या अंथरुणापाशी उभा राहतो आणि खोकतो. एकदा हळू, मग जरा जोरात. तरुण पिढीपर्यंत विश्वास पोहोचवण्याचं माझं कार्य गेली दोन वर्षं या खोकल्यावर चाललेलं आहे. एकदा तिने डोळे न उघडता विचारलं, "बाबा, सिरप आणू का वापीहून?"

वर्गही सुटत गेला. भांडण नाही, वाद नाही. कोणाची शिकवणी रविवारी, कोणाची क्रिकेटची मॅच, कोणाचे आईबाप कामाला बाहेर गेले आणि पोरांना घेऊन गेले. सतराची सात झाली, सातांची तीन. शेवटी दोघी बहिणी यायच्या, नवा हायवे झाला आणि त्यांचं घर त्याच्या पलीकडे राहिलं. जून महिन्यापासून कोणी नाही. फादर म्हणाले, "थोडे दिवस बंद ठेवू या का?" मी म्हणालो, "बघू या, फादर." तेव्हापासून दर रविवारी जाऊन बसतो. खिडक्या उघडतो, फळा पुसतो. फळ्यावर काही लिहिलेलं नसतं, तरी पुसतो. घड्याळात दहा वाजेपर्यंत थांबतो. गर्दीत हरवल्यासारखं वाटतं असं लोक सांगतात. मला रिकाम्या बाकांसमोर वाटतं, कारण तिथे उभं राहिलं की कुठे पाहायचं तेच कळत नाही. एका रविवारी न राहवून मी शेळीची गोष्ट सांगायला लागलो, आख्खी, पोतं मानेवर घेऊन. ओहोळापर्यंत आलो तेव्हा दारात झाडू घेऊन उभी असलेली म्हातारी म्हणाली, "कोणाशी बोलतो रे?"

"पाठ करतोय, आजी."

"अजून पाठ नाय झालं तुझं?" म्हणाली आणि झाडायला लागली.

यंदा ते वाचन परत येणार होतं. पंधरा दिवस आधीच मी हिशेब जुळवला: शनिवारी मुलगी येणार आहे, तिची माफी मागायची. नऊ वर्षांपूर्वीची शेळी तिच्या मनात रुतून बसली आहे, म्हणून ती चर्चला येत नाही. मी 'चुकलो' म्हटलं की काटा निघेल, आणि रविवारी ती पहिल्या रांगेत बसेल. मला ते दिसतही होतं. तिने आईची निळी साडी नेसली होती.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी ती आली. जेवण झालं, अंगणात भाताच्या पेंढ्याच्या सावलीत ती केसांना तेल लावत बसली. बायको शेतात. मी समोर उकिडवा बसलो आणि घसा साफ केला.

"आत्ता कशाला खोकतोस? आज शनिवार," ती म्हणाली.

"तुला एक सांगायचंय. तू अकरा वर्षांची होतीस. वर्गात तू मला विचारलं होतंस, शेळीला आगीत का टाकली. आठवतं?"

"कुठली शेळी?"

"हरवलेली. खांद्यावरची."

"ती मुतणारी?"

"ती नाही गं. गोष्टीतली. ती मुळात मेंढी होती. मी शेळी केली. मग वाचनात शेळ्या डावीकडे गेल्या आणि तू विचारलंस, आणि मी तुला सगळ्यांसमोर गप बस म्हणालो."

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. माझ्यासाठी प्रामाणिकपणे आठवत होती, ते दिसत होतं. मग तिने मान हलवली. "नाय रे बाबा. मला नाय आठवत."

नऊ वर्षं मी ते गाठोडं घेऊन फिरत होतो, आणि ज्याचं होतं त्याने ओळखलंच नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

"मग चर्चला का येत नाहीस?"

तेलाची बाटली बंद करता करता ती थांबली. "हे तू पहिल्यांदा विचारतोयस."

"हो."

"तिथे काय म्हणायचं ते सगळं मला पाठ आहे, बाबा. तू म्हणायला लागलास की माझं तोंड आपोआप पुढचं म्हणतं. पण आमच्या लाइनवरची एक बाई मागच्या महिन्यात वारली. लहान पोर आहे तिचं. मला खूप काय काय विचारावंसं वाटलं. मग मनात आलं, तिथे विचारायचं नसतं. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही, पण माहीत आहे."

मला आठवत होतं. प्रसंग माझ्याकडे राहिला होता आणि धडा तिच्याकडे गेला होता. शिक्षक म्हणून माझं एवढं एकच शिकवणं पक्कं बसलं.

"आता विचार," मी म्हणालो. "मला येईल तसं सांगतो. नाही आलं तर नाही आलं म्हणतो."

ती हसली. दुष्टपणे नाही. म्हाताऱ्या माणसाने चॉकलेट दिलं की आपण हसतो तशी. "आत्ता काय नाय रे," म्हणाली. "आत्ता झोप आलीय."

रविवारी सकाळी मी तिच्या अंथरुणापाशी गेलो नाही. खोकलोही नाही, खरोखरचा खोकला आला तेव्हा ओट्यावर जाऊन खोकलो. फादर दुसऱ्या गावी होते, तशी मीच त्यांना विनंती केली होती. वाचन मी आधी चार वेळा वाचून ठेवलं होतं. उजवीकडच्यांना राजा काय म्हणतो, भुकेल्याला कोणी वाढलं, आजाऱ्याकडे कोण गेलं, तिथे कधी नव्हे ते मी हळू वाचलं. डावीकडे आलो तेव्हा वर पाहिलं. पहिली रांग रिकामी होती. तिसऱ्या रांगेपासून म्हाताऱ्या, आणि अगदी मागे, दारापाशी, माझी बायको. मी वाचन पूर्ण केलं. मग पुस्तकात नसलेलं एक वाक्य बोललो, "हे मला नीट कळत नाही." आवाज बाहेर पडला की नाही कोण जाणे. त्या दिवशी माइक बिघडला होता.

वर्गाच्या खोलीत दहापर्यंत बसलो. मग साडेदहापर्यंत. घरी आलो तर मुलगी गेलेली. तिची शिफ्ट बदलली होती, फोन आला होता. मी तसाच उलटा फिरलो, तलासरीच्या नाक्यावर गेलो. वापीच्या दोन जीप भरून उभ्या होत्या. दोन्हींत डोकावलो. दुसऱ्या जीपमधल्या बाईने विचारलं, "कोण हरवलंय का, भाऊ?" मी नाही म्हणालो. मग, घरी जाऊन तरी काय करायचं, म्हणून वाटेतल्या दोन पाड्यांवर गेलो. ज्यांची पोरं पूर्वी वर्गाला यायची त्या घरी बसलो. सगळ्यांनी चहा दिला. एकाने नागलीची भाकरी आणि सुकट वाढली. सगळे म्हणाले, पाठवतो, सर, पुढच्या रविवारी. मीही हो हो म्हणालो. आम्ही सगळे भली माणसं आहोत.

उन्हं उतरली तेव्हा घरी पोहोचलो. कुंपणाच्या फाटकाशीच थांबलो, आत जावंसं वाटेना. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. बायको मागे गोठ्याशी कोंड्याचं पाणी कालवत होती. तिला मी पाठमोराच सगळं सांगितलं: माफीचं, विसरलेल्या शेळीचं, रिकाम्या रांगेचं, जीपमधल्या बाईचं. सगळं ऐकून तिने विचारलं, "जेवलास का कुठे?"

"जेवलो."

"जाताना पोरगी विचारत होती. बाबाने आज ते शेळ्यांचं वाचलं का, म्हणून."

मी वळलो. "मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मागे मला ऐकूच येत नव्हतं. म्हटलं, त्यालाच विचार."

"मग फोन करेल?"

"मला काय माहीत?"

मी परत रस्त्याकडे पाहायला लागलो. म्हणालो, "नव्याण्णव सोडून एकीला शोधायला जायचं असतं, हे मी इतकी वर्षं शिकवलं. माझ्याकडे नव्याण्णव कधी नव्हत्याच, एकच होती. आता तिला कुठल्या डोंगरात शोधू?"

कोंड्याची बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. ती पुढे आली. पदराला हात पुसत म्हणाली, "ते मी तुला तेव्हाच सांगत होते, तर तू भात वाढ म्हणालास. मेंढीचं मला ठाऊक नाही, मी पाहिली नाही. पण शेळी शोधायला कोण जातं? बिबट्याने नेली तर गोष्ट वेगळी, नाहीतर दिवसभर कुठेही चरू दे, संध्याकाळी आपली आपण येते. आता फाटकातून बाजूला हो. केव्हाच्या तुझ्या पुढ्यात येऊन उभ्या आहेत, तू वाट अडवून बसलायस."